भरलेला सिलिंडर

दर शनिवारी परसात घरगुती बिअर बनवताना ती उकळायला लागली, की हार्लनचा सिलिंडर नेमका संपायचा. तो गाडीत टाकून भरायला जायचा आणि तीन तासांनी परतायचा. म्हणून साठाव्या वाढदिवसाला बायकोने, व्हर्नाने, घरातली गॅसची लाइन थेट त्याच्या शेगडीपर्यंत आणून दिली.

"नशीबवान आहात. आता जागचं हलायला नको," गळती तपासायला सांध्यावर साबणाचं पाणी लावत प्लंबर म्हणाला.

एखादा तरी बुडबुडा येईल म्हणून हार्लन टक लावून बसला. एकही आला नाही.

जाता जाता प्लंबरने जुना सिलिंडर उचलला आणि थबकला. "मॅडम, हा तर गच्च भरलेला आहे."

"ठाऊक आहे," ज्योत मोठी करत व्हर्ना म्हणाली. "दर शनिवारी हार्लन तो भरायला निघायचा, तेव्हाही सिलिंडर भरलेलाच असायचा."