पिशवीतला चष्मा

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी अकराव्या खेळाडूनेही चष्मा नदीकाठी टाकून दिला. व्हिडिओ गेमची लेखिका काचेआडून बघत होती. चाचणीत खेळाडूंशी बोलायला मनाई होती. गेममधल्या पिशवीत वीसच वस्तू मावत. नायिकेच्या वारलेल्या वडिलांचा चष्मा बिनकामाचा होता, पण तो जपणाऱ्यालाच लेखिकेने दोन वर्षं खपून लिहिलेला शेवट दिसणार होता. "बाराव्या बाईंनीही टाकला, तर शेवट गाळायचा," शेजारी उभा असलेला तिचा प्रमुख म्हणाला. "नाहीतर चष्मा टाकताच येणार नाही असं कर, माझे आई!" "मग जपला कसं म्हणायचं रे?" तिने डोळे चोळले. बारावी खेळाडू, निवृत्त नर्स, नदीपाशी पोचली. समोर ढाल होती, पिशवीत जागा नव्हती. तिचा माउस चष्म्यावर थांबला. "अहो, हा टाकला तर परत मिळतो का?" काचेआड लेखिका पुढे झुकली. चार सत्तावीसला पिशवी उघडीच होती, चष्मा अजून आतच होता.