एक मोबाईल, एक मत

"ए बाई, आमचं माणूस वढू नगंस! पयली हाक मी मारली हुती," धोंडुबाई कडाडली.

देवदर्शनाला निघालेला पावणा मोबाईल हातात धरून दोघींच्या मधोमध उभा. पलीकडची बाई हसली. "तूच घे की, अक्का. भांडू नको. ऊन किती हाय बघ."

नृसिंहवाडीच्या रस्त्यावर आठवड्यापूर्वी शेजारी-शेजारी सतरंज्या पडल्या, आणि धोंडुबाई नि गंगव्वाची ओळख झाली ती अशी.

एका कंपनीनं ऑनलाइन स्पर्धा काढली होती. ज्या संस्थेला जास्त मतं, तिला हवी ती एक वस्तू फुकट. एका मोबाईलवरनं एकच मत. धोंडुबाई आली होती गडमुडशिंगीच्या धर्मादाय दवाखान्याला डायलिसिसचं मशीन मिळावं म्हणून. गंगव्वा गडहिंग्लजहून आली होती, मूकबधिर शाळेच्या बससाठी.

काम फुकटचं असलं तरी गरज दोघींच्या घरातलीच. धोंडुबाईच्या नवऱ्याला, जोतीरामला, डॉक्टरांनी आठवड्याला तीन वेळा डायलिसिस सांगितलं होतं. दवाखान्यात मशीन एकच आणि रांग मारुतीच्या शेपटासारखी. नंबर लागायचा एकदा. पाय सुजलेले, आडवं झालं की दम लागायचा, बिचारा भिंतीला टेकून रात्र काढायचा. गंगव्वाची नात भूमिका शाळेची बस मोडल्यापासून घरी बसून होती. खुणांनी रोज विचारायची, बस कधी येणार?

पहिल्या दिवशी भांडल्या, दुसऱ्या दिवशी गंगव्वानं आपली मोठी छत्री दोघींच्या मधे रोवली. धोंडुबाईनं तिला ओटीपी कसा टाकायचा ते शिकवलं. दोन दिवसांत बाई तरबेज झाली. कर्नाटकातली माणसं आली की गंगव्वा कानडीत बोलायची आणि एक मत बसला, एक मशीनला असं इमानदारीत वाटून द्यायची. दुपारी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. धोंडुबाईच्या गल्लीतला कंडक्टर पिराजी तिला रोज कोल्हापूरवरनं आपल्या एसटीतनं आणायचा. गाडी वाडीत थांबली की तो या छत्रीखाली येऊन चटणीचा घास खाऊन जायचा.

"माझ्या पाठची भईन असती तर अशीच असती बग," धोंडुबाई त्याला म्हणायची. हे ती गंगव्वाला ऐकू जाईल असंच म्हणायची.

शेवटचा दिवस पौर्णिमेचा. रस्ता माणसांनी फुललेला. संध्याकाळी मतदान बंद. मशीन आणि बस दोन्ही अगदी वर, कधी हे पुढं तर कधी ती.

आणि नेमकी त्या दुपारीच गंगव्वा उठली.

"अक्का, घरनं फोन आला. भूमिकाला ताप हाय. जाते मी."

"अगं, आज? आन् तुझी माणसं?"

"तू बघ की."

"मी? मी मशीनवाली हाय, बाई!"

"ठाऊक हाय मला." गंगव्वानं पिशवी उचलली. "तुझी थोडी कागदं दे. भाकरी गुंडाळते."

"तुझी न्हाईत व्हय?"

"माझी हितं लागतील न्हवं."

धोंडुबाईनं मशीनच्या जाहिरातीच्या कागदांची चळत तिच्या पिशवीत कोंबली. गंगव्वानं छत्री धोंडुबाईच्या बाजूला कलती केली आणि उन्हातनं स्टँडकडं चालू लागली.

आता धोंडुबाई एकटी. पौर्णिमेच्या गर्दीत पिराजीही छत्रीकडं फिरकला नाही. समोर दोन सतरंज्या. कुणाचं बोट कुठं टेकवायचं, विचारणारं कुणी नाही. जोतीरामची सुजलेली पावलं तिच्या डोळ्यांपुढनं हलेनात.

गंगव्वाच्या सतरंजीपाशी एक म्हातारा-म्हातारी थांबली. "कुठं दाबायचं, बाई?"

धोंडुबाईनं बसचं नाव दाखवलं. "बसवर दाबा."

आणि एकदा तोंड उघडलं ते थांबेना. भूमिकाची गोष्ट ती येईल त्याला सांगू लागली. हळूहळू आपल्या सतरंजीवरच्या माणसांनाही! भरवसा टाकून गेलेल्या बाईच्या माघारी तिचं कमी पडायला नको. तापानं फणफणलेली पोर तिच्या डोळ्यांपुढं आली की मशीनचं नावच तोंडातनं निघेना. मतदान बंद झालं तेव्हा तिला एकदम भान आलं.

"द्येवा दत्ता, काय करून बसले मी!"

पिराजीची पाळी संपली होती. ती दुसऱ्या गाडीनं घरी आली आणि जोतीरामपुढं रडायलाच लागली. "तुमच्या जिवाशी खेळले, अवो. समदी मतं बसला घालवली."

जोतीराम म्हणाला, "ब्येस केलंस. तापल्या पोरीच्या वाटणीचं मला पचलं नसतं."

सकाळी दवाखान्यातनं फोन आला. मशीन जिंकलं होतं. थोडक्यात, पण जिंकलं होतं.

गल्लीत कालवा झाला. जोतीराम डोळे पुसत होता. डॉक्टरांनी सांगितलं, आता आठवड्याला तीनदा नंबर लागेल. धोंडुबाईनं हात जोडले, पण तिला उमगेना. मतं आली कुठनं? गंगव्वाला फोन लावला, तो लागेना. आपलं झालं आणि तिच्या नातीचं राहिलं, हे तिच्या जिवाला लागलं.

वाडीहून आणलेली कवठाची बर्फी तिनं डब्यात भरली आणि ती पिराजीच्या दारात गेली.

"भावजी, गडहिंग्लजच्या गाडीत येवढा डबा द्या की. गंगव्वाला. पोरीचा ताप उतरला का, तेबी इचारा म्हणावं."

पिराजीनं डबा हातात घेतला.

"कसला ताप, वयनी? गंगव्वा काल गडहिंग्लजला गेलीच न्हाई. दुपारपास्नं माझ्याच गाडीत हुती. वाडी ते कोल्हापूर, फिरून वाडी, फिरून कोल्हापूर. तुमची ती कागदं वाटत, एकेकाला मशीनला मत द्यायला लावत. मी म्हटलं, अगं, आन् तुझ्या नातीची बस? तर म्हणाली, पोर वरीसभर थांबंल. अक्काचं मालक थांबायचं न्हाईत."