एक मात्रा जास्त

बाभुळगावचे भीमराज आपली भीमगीतं हार्मोनियमवर वाजवून मोबाइलवर पाठवायचे. यवतमाळला राहणारा त्यांचा मुलगा संघदीप ती कॉम्प्युटरवर सा-रे-ग अशा अक्षरांत टाइप करून त्यांची स्वरलिपी तयार करायचा. तालाच्या मात्रा जुळल्या नाहीत की प्रोग्राम चूक दाखवायचा आणि संघदीप विचारायला फोन करायचा. एरवी त्याचा फोन येत नसे.

"आज मुद्दाम एक मात्रा जास्त वाजोली," भीमराज बायकोला म्हणाले. "आता पाय, फोन करते का नाही."

"लेकाच्या फोनसाठी लोकं बिमार पडते जी, तुमी गाणंच बिमार पाडलं!" रुखमाबाई हसल्या.

दोघं फोन समोर ठेवून बसले.



रोजची कटकट नको म्हणून संघदीपने त्याच सकाळी प्रोग्राममधली मात्रा तपासायची सोय बंद केली होती.