गांडुळांची सुनावणी

"पत्राखाली सही नाही," सोसायटीचा सेक्रेटरी रणजित म्हणाला, "पण कम्प्लेंट आली की मीटिंग घ्यावी लागते."

बद्रीनाथ गुरुजींच्या हॉलमध्ये पंचवीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती. कोथरूडच्या या सोसायटीत एवढी गर्दी वार्षिक सभेलाही होत नसे. मोठी माणसं खुर्च्यांवर, पोरं जमिनीवर. वरच्या मजल्यावरची नऊ वर्षांची राजनंदिनी सगळ्यांत पुढे होती.

रणजितने पत्र तोंडासमोर धरलं. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे, कोऱ्या बाजूवर, छापल्यासारखी सुटी अक्षरं काढून ते लिहिलेलं होतं. राजनंदिनीला समोरून दिसत होता तो नोव्हेंबर. मधूनमधून तारखांवर हिरव्या पेन्सिलीचे ठिपके होते.

"'पहिल्या मजल्यावरील गृहस्थांनी बाल्कनीत गांडुळे पाळली आहेत. ही सोसायटी आहे की शेत? वास येतो किंवा कसे, याची सर्व सभासदांनी मुलाबाळांसह येऊन स्वतःच्या नाकाने खात्री करावी. वास आल्यास क्रेट त्याच दिवशी बाहेर काढावा. एक त्रस्त सभासद.'"

"मुद्देसूद लिहिलंय," शेजारच्या फ्लॅटमधले दत्तोबा म्हणाले. सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघताय? मी तक्रार केली असती, तर सहीसकट केली असती."

इस्त्रीचा सदरा घातलेले गुरुजी बाल्कनीच्या दाराशी उभे होते.

दोन महिन्यांपूर्वी त्यांनी खाली बोर्डावर चिठ्ठी लावली होती. 'दर रविवारी सकाळी दहा वाजता गांडुळांची ओळख. मुलांनी जरूर यावे.' त्याखाली कोणीतरी लिहून ठेवलं, 'ओळख वाढवण्याची इच्छा नाही.' आठ रविवार एकटी राजनंदिनी येत राहिली. गुरुजी तिला एकटीलाही अख्ख्या वर्गाला शिकवावं तसं शिकवायचे. ही तांबडी गांडुळं. यांना ओल हवी, पण पिळलेल्या फडक्याइतकीच. दर चौथ्या दिवशी भाजीची देठं, केळ्याची सालं. लिंबू नाही, मीठ नाही, तेल नाही. शिजवलेलं तर मुळीच नाही, ते सडतं आणि घाण वास सुटतो.

आणि तरीही गुरुवारी शाळेतून येताना ती गुरुजींकडे डोकावली, तेव्हा ते फोनवर असताना तिने डब्यातली फ्लॉवरची भाजी क्रेटमध्ये ओतली होती. उरलेला डबा घरी नेला की आई ओरडते. शुक्रवारी हे पत्र आलं.

म्हणजे वास पसरला होता. क्रेट जाणार होता, आणि तो तिच्यामुळे जाणार होता.

गुरुजींनी बाल्कनीतून क्रेट आणून मधोमध ठेवला. झाकणावर पाटी होती, 'आत काम चालू आहे. उगाच उघडू नये.'

"आज उघडतो," गुरुजी म्हणाले.

राजनंदिनीने श्वास रोखला. पुढच्या रांगेतल्या यमुनाबाईंनी पदर नाकाला लावला. दत्तोबा गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आणि त्यांनी जोरात वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

"काय येतोय?" रणजितने विचारलं.

"कुंडीला पाणी घातलं की येतो तसा. याला काय वास म्हणायचं?"

राजनंदिनीने श्वास सोडला. तिला काही कळेना.

"ई, ते वळवळतंय!" एक मुलगा ओरडला.

"हात पुढे कर," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी एक गांडूळ त्याच्या तळहातावर ठेवलं. "याला डोळे नसतात, पण उजेड कळतो. बघ, कसं बोटांच्या फटीत शिरतंय."

"भारी! आजोबा, गुदगुल्या होतात!"

मग सगळ्याच पोरांनी हात पुढे केले. यमुनाबाईंचा पदर कधीच खाली आला होता. "अहो गुरुजी, याचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं?"

"थोडं थांबा. जिकडे निघेल तिकडे तोंड."

अर्धा तास कोणी उठलं नाही. तयार खत चहाच्या पुडीसारखं दिसतं, हे प्रत्येकाने चिमटीत धरून पाहिलं. शेवटी रणजितला आपण कशासाठी जमलो ते आठवलं.

"वास नाही. तक्रार फेटाळली," तो म्हणाला. "आणि प्रत्येक विंगमध्ये असा एक क्रेट ठेवूया का?"

हात वर झाले. दत्तोबांनीही केला. "आमच्याकडे ठेवा. पाटी मात्र मी लिहिणार."

सगळे गेल्यावर राजनंदिनी मागे रेंगाळली. "आजोबा, गुरुवारी..."

"गुरुवारी कोणीतरी फ्लॉवरची भाजी वाढली होती," गुरुजी खुर्च्या लावत म्हणाले. "तेल जास्त होतं. मी संध्याकाळीच चमच्याने काढून टाकली."

"कोणी टाकली, ते...?"

"ते मी विचारलं नाही."

तिला एकदम हलकं वाटलं. इतकं, की उगाचच हसू आलं. "पण मग तक्रार कोणी केली असेल?"

"असेल कोणीतरी. माणसं जमली ना?" गुरुजींनी कपाटातून जुन्या कॅलेंडरची सुटी पानं काढून तिच्यापुढे ठेवली. "नव्या क्रेटमध्ये खाली अंथरायला कागद लागेल. बोटभर रुंद पट्ट्या कर."

राजनंदिनी मांडी घालून बसली. तिने ऑगस्ट फाडला. सप्टेंबर फाडला. ऑक्टोबरवर दर चौथ्या दिवशी हिरव्या पेन्सिलीचा ठिपका होता, तोही फाडला.

त्याखालचं पान डिसेंबरचं होतं.