चौथ्या चालीचा घोडा

तान्ह्या लेकीला खांद्यावर थोपटत तिनं चौथ्याच चालीला घोडा फुकट देऊन टाकला. समोरच्या खुर्चीत मोबाइल धरलेले सासरे, निवृत्त गणितमास्तर, खुलले. पैज ठरलेली: बुद्धिबळाचा तीन-तीन मिनिटांचा ऑनलाइन डाव, ती जिंकली तर दुपारभर नात आजोबांकडे, तिला झोप. “अगं, कितीदा सांगू, ही सुरुवातच चुकीची आहे!” घोडा मारत ते म्हणाले. तिनं झटकन प्यादं सरकवलं. “का हो, बाबा?” झालं! चष्मा कपाळावर चढवून मास्तरांनी कारणं क्रमवार सांगायला घेतली. तिसऱ्या कारणाच्या पोटकारणाला त्यांची तीन मिनिटं संपली आणि डाव तिचा झाला. “पण माझा घोडा जास्त होता!” “होता ना,” म्हणत तिनं लेक त्यांच्या मांडीवर ठेवली. खोलीत ती आडवी झाली; पण रडणं ऐकू येईना, तशी घाबरून उठली. दोघंही खुर्चीत ढाराढूर! घसरतील म्हणून ती राखण करत बसली.