पाहुण्याला ओ

वाळवंटात वाट चुकलेला माणूस कुत्र्यासारखा भुंकतो. एखाद्या तंबूतलं कुत्रं ओ देतं आणि त्याचा जीव वाचतो. त्या वादळी सांजेला तसं भुंकणं कानी आलं, तशी शिमासनं आपल्या कुत्र्याचं तोंड घट्ट आवळलं.

"अहो मिक्दादचे बाबा, सोडा त्याला! पाहुणा अल्लाहनं धाडलेला असतो," उमैमा म्हणाली. "आधीच वस्ती तुम्हाला बखील म्हणते."

"म्हणू दे कंजूस! घोटभर दूध उरलंय, ते आपल्या पोराचं. उंटीण शोधून दमून येईल."

हळूहळू ते भुंकणं थांबलं.

सकाळी टेकडीआड मिक्दाद गार पडलेला सापडला. भुंकून भुंकून त्याचा गळा सुजला होता.

वस्तीतल्या बायांनी बखीलापासून शहीह, लईमपर्यंत चिक्कूपणाचे होते नव्हते ते सगळे शब्द शिमासवर ओतले.

"त्याहून वाईट एखादा आठवतो का गं?" उमैमानं विचारलं.