तेरा नंबरचा फिल्टर

घर गरम ठेवणारी फर्नेस त्या आठवड्यात चौथ्यांदा बंद पडली, तेव्हा केया जेवणाच्या टेबलाशी जॅकेट घालून बसली होती. घरात एकोणसाठ डिग्री फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम पंधरा सेल्सियस. समोर शाळेचा फॉर्म, पुढच्या वर्षीच्या विषयांचा. बाबांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात त्यात पाच एपी भरले होते. एपी म्हणजे कॉलेजच्या तोडीचे विषय. केयाने त्यातले दोन खोडले होते. त्या दोन रेघा मारायला तिला पूर्ण आठवडा लागला होता. आता फक्त बाबांची सही हवी होती, आणि फॉर्म सोमवारी द्यायचा होता.

"आळशी आहे, दुसरं काय!" बाबा बेसमेंटमधून ओरडले.

केया दचकली. मग तिच्या लक्षात आलं, ते फर्नेसबद्दल बोलतायत.

चूक तिची नव्हती. हे वाक्य घरात फर्नेस आणि केया या दोघींसाठीच राखून ठेवलेलं होतं. गेल्या महिन्यात केमिस्ट्रीच्या टेस्टआधी ती शाळेच्या बाथरूममध्ये वीस मिनिटं बसून राहिली, छातीत धडधड, श्वास म्हणून पुरेना. तेव्हाही बाबांचं निदान हेच होतं. आळस, दुसरं काय.

फर्नेसचं प्रकरण सुरू झालं गॅस कंपनीच्या पत्राने. तुम्ही शेजाऱ्यांपेक्षा एकतीस टक्के जास्त गॅस वापरता, असं त्यात लिहिलं होतं. शेजारी म्हणजे समोरचे प्रल्हादकाका. त्यांच्या पत्रावर हिरवा हसरा चेहरा छापून आला होता आणि काकूंनी तो फ्रिजवर लावला होता. दहावीला बोर्डात आलेला अवधूत टिकेकर अमेरिकेत, एडिसनमध्ये येऊन शेजाऱ्याच्या मागे पडतो म्हणजे काय! बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. मग कामाला लागले. प्रल्हादकाकांच्या अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, ऊब धरून ठेवणारं काचतंतूंचं फूटभर इन्सुलेशन होतं, म्हणून बाबांनी दीड फूट घातलं आणि पुढे आठवडाभर खाजवत फिरले. काकांच्या फर्नेसला हवा गाळणारा आठ नंबरचा फिल्टर होता, म्हणून बाबांनी तेरा नंबरचा आणला. दुकानात तेराच्या वर नव्हता. नाहीतर तोही आणला असता.

बिल वाढलं. फर्नेस दिवसभर धापा टाकायची आणि मधेच मान टाकायची. बाबा खाली जाऊन तिला बोलून यायचे.

शेवटी आईनेच दुरुस्तीवालीला फोन केला. डोलोरेस नावाची साठीची बाई आली. आधी अ‍ॅटिक पाहून आली आणि म्हणाली, "अ‍ॅटिक झकास केलंय." बाबा फुलले. मग बेसमेंटमध्ये जाऊन तिने फर्नेसच्या बाजूच्या फटीतून फिल्टर ड्रॉवरसारखा ओढून काढला आणि चष्म्यावरून बघितलं.

"हा कोणी लावला?"

"मी," बाबा म्हणाले. "तेरा. हायेस्ट."

"सर, तुमची फर्नेस आठची आहे. हा फार दाट आहे, यातून तिला हवाच ओढता येत नाही. म्हणून ती जास्त वेळ चालते, तापते आणि स्वतःला वाचवायला बंद होते. फर्नेस चांगली आहे हो. तिला फक्त श्वास घेऊ द्या."

बाबांनी विचार केला. मग अगदी मनापासून विचारलं, "सवय करता नाही का येणार तिला? हळूहळू? आधी दहा, मग अकरा..."

"क्लास लावा तिला," जिन्यावरून आई म्हणाली.

डोलोरेसने आठ नंबरचा फिल्टर सरकवला, तेराचा भिंतीला टेकवून ठेवला आणि निघून गेली. अर्ध्या तासात घर अडुसष्टवर आलं. केयाने जॅकेट काढलं. बाबा गरम हवेच्या झरोक्यावर हात धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा इतका हळवा झाला होता की केयाला वाटून गेलं, त्यांना आपलं पाळण्यातलं रूप तर आठवलं नसेल?

"बघ कशी गुणी आहे," ते म्हणाले. "उगीच छळलं बिचारीला. झेपेल तेवढंच द्यावं माणसाने."

याहून चांगला मुहूर्त पंचांगातही सापडला नसता. केयाने फॉर्म पुढे सरकवला. "बाबा, साइन करा ना. तीन एपी घेते. प्लीज. मला पण पाच नाही झेपत."

बाबांनी खोडलेल्या रेघा पाहिल्या. खिशातून पेन काढलं आणि दोन्ही विषय पुन्हा, आणखी मोत्यासारख्या अक्षरात लिहिले.

"फर्नेसचं वेगळं गं," ते प्रेमाने म्हणाले. "शेवटी मशीन आहे ती. तिला लिमिट असतं."

आणि सही न करताच ते चहा प्यायला गेले.

केयाने फॉर्म बाजूला ठेवला. मग उठली आणि बेसमेंटमध्ये गेली. आठ नंबरचा फिल्टर ओढून काढला, भिंतीला टेकवलेला तेरा नंबरचा आत सरकवला. वर आली तेव्हा हात धुळीने माखले होते. आईने ते हात पाहिले, बेसमेंटचं दार पाहिलं आणि तिच्याकडे नॅपकिन फेकला.

बाबांचा दुसरा चहा होईपर्यंत खाली धापा सुरू झाल्या. मग एक लांब उसासा, आणि घर गप्प झालं. थोड्या वेळाने बाबा स्वेटर चढवत बाहेर आले.

"आता काय झालं हिला?"

केयाने ते दोन विषय पुन्हा खोडले, या वेळी एका सेकंदात. फॉर्म त्यांच्यासमोर नीट सरळ केला आणि वर पेन ठेवलं.

"आळस, बाबा. दुसरं काय?"